अतिउत्साहाच्या भरात

इंदापूर,
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय यशा,

ताईचे आशीर्वाद. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘बरं, बरं, ठेवतो’ म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. पत्राचं तसं करता येत नाही. निदान पाकीट तरी फोडावं लागतं.

इकडे ऊन मी म्हणतंय. कारखान्याचा हंगाम संपलाय, त्यामुळे तुझे दाजी दुपारीच घरी येतात आणि स्वयंपाकघरात घुसतात. परवा भिगवणहून चिलापी आणून स्वतः कालवण केलं. काटे भरपूर आणि मीठ कमी, पण कौतुक करावं लागलं. हैदराबादला उन्हाळा कसा आहे? पाणी उकळून पीत जा.

आबा बरे आहेत. वस्तीवरच असतात. इंदापूरला या म्हटलं तर म्हणतात, ‘तितं येऊन काय करू, बाल्कनीत बसून गाड्या मोजू?’ गाय गाभण आहे. विहिरीला यंदा पाणी टिकलंय.

मी आठवीचे पेपर तपासतेय. परवा एक उत्तर वाचून एकटीच हसत बसले. प्रश्न होता, ‘उत्साह संचारणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा. सगळ्यांनी गाइडमधलं लिहिलेलं, की सामना जिंकल्यावर खेळाडूंमध्ये उत्साह संचारला. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, ‘पौर्णिमेला माझ्या चुलत्याच्या अंगात देव संचारतो आणि शाळेत साहेब येणार असले की सरांच्या अंगात उत्साह संचारतो.’ मी पूर्ण गुण दिले.

मग पेपर बाजूला राहिले. मी बावीस वर्षं मराठी शिकवते आणि हे कधी ध्यानात आलं नव्हतं, की आपल्याकडे देव आणि उत्साह एकाच क्रियापदानं अंगात शिरतात. झपाटणं हे भुताचं काम. आता अकरावीच्या क्लासच्या फलकावर लिहिलेलं असतं, ‘झपाटून अभ्यास करा’. भारणं मांत्रिकाचं. आता सत्काराला उत्तर देताना सगळेच भारावतात. इंग्रजीच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, मॅडम, आमच्या ‘एन्थुझिअॅझम’च्या पोटातही ग्रीकांचा देवच आहे. अंगात देव असणं, हा मूळ अर्थ. मध्ये काही शतकं तिकडेही तो शब्द धर्मवेड्यांना हिणवायला वापरत. आणि आता नोकरीच्या जाहिरातीत घालतात.

आपले आबा तर यात्रेलाच ‘उच्छाव’ म्हणतात. ‘भैरोबाचा उच्छाव’. लहानपणी तू त्यांना सुधारायचास, आबा, उच्छाव नाही, उत्सव. आणि ते म्हणायचे, ‘आरं, पर त्यात उत्साव तर पायजे का न्हाय?’ उत्सव आणि उत्साह, त्यांच्या लेखी दोन्ही एकच.

बघ, किती लांबून येतेय मी. तू तो व्हिडिओ पाहिलायस. मंगळवारी तुझा मेसेज आला, ‘ताई, हे काय?’ इतक्या वर्षांत तू आपण होऊन पाठवलेला पहिला मेसेज. मी उत्तर दिलं नाही, कारण एका ओळीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

होय, ती मीच आहे. केस सुटलेली, गुलालानं माखलेली, ढोलापुढे नाचणारी बाई म्हणजे तुझी ताई.

पण आधी अकरा वर्षांपूर्वीचं लिहू दे. आपण त्यावर एकदाही बोललो नाही. तू तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतास. आदल्या यात्रेत ठमाकाकूनं आबांकडे कौल मागितला होता. पायाची जखम भरत नव्हती तिची. ढोल वाजत होता, आबांच्या अंगात भैरोबा होता आणि आबा बोलून गेले, ‘अंगारा लाव, जिरंल.’ तिनं अंगारा लावला. दवाखाना लांबला आणि साखरेनं तिचा पाय गुडघ्याखालून गेला. आपल्या सख्ख्या चुलतीचा. पुढच्या वर्षी ढोल ऐन रंगात असताना तू गर्दीतून पुढे झालास, आबांसमोर मूठ धरलीस आणि विचारलंस, ‘देवा, माझ्या मुठीत काय आहे?’

सोनबाचा ढोल थांबला. आबांनी तुझ्या मुठीकडं पाहिलं, मग तुझ्याकडं पाहिलं. कोणीतरी हसलं. आबा हळूच खाली बसले, जसं दमलेलं माणूस बांधावर बसतं तसं.

तू त्याच रात्री बॅग भरलीस. मूठ रिकामी होती, मला माहीत आहे. मी तुझ्या मागेच उभी होते आणि तुला हाताचा घाम पँटला पुसताना पाहिलं होतं. मी कोणाला बोलले नाही. तुझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या दिवसापासून आबा देवळाकडे फिरकले नाहीत. यात्रेच्या दिवशी गोठ्यात बसून राहायचे. ढोल लांबून ऐकू यायचा आणि ते गाईला खरारा करत राहायचे. तिचं अंग चकचकीत झालं तरी हात थांबायचा नाही. हे तू पाहिलेलं नाहीस. मी दर वर्षी पाहिलं.

एरवी मी न बोलावता जायचे, यंदा आबांचाच फोन आला. ‘औंदा उच्छावाला येतीस का? निवद पोचवायला कुनी न्हाय.’ मी गेले. पुरणपोळ्या केल्या, ताट झाकलं आणि ऊन उतरल्यावर देवळाकडे निघाले. आबा गोठ्यातूनच म्हणाले, ‘पाया पडून लगीच ये.’

नैवेद्य दाखवून मी बायकांत उभी होते. सोनबा आता म्हातारा झालाय, पण मधला ढोल त्याच्याच गळ्यात होता. आजूबाजूला नवी पोरं, हलगीवाले दोघं. सुरुवातीला बेसूर चाललं होतं. मग सोनबानं मान हलवली, पोरं एका ठेक्यावर आली आणि तो आवाज कानाऐवजी पोटातच वाजायला लागला. मी रिकामं ताट शेजारच्या बाईच्या हातात दिलं आणि चपला काढल्या. पुढे गेले.

यशा, मी शुद्धीत होते. हे आधी वाच आणि मग पुढचं. मला समोरची माणसं दिसत होती. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील मोबाइल वर धरून उभे होते, तेही दिसलं. अंबाडा सुटला तो कळला. थांबता आलं असतं. थांबायचं नव्हतं. मला चव्वेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की अंग पुढे आहे आणि मी त्याच्या मागून हसत पळतेय. भीती नव्हती, दुःख नव्हतं, कुठली दबलेली वाफ बिफ नव्हती. तू मानसशास्त्राचं काहीतरी पाठवशील म्हणून लिहितेय. माझा संसार चांगला चाललाय, नोकरी मला आवडते. फक्त शाळेत मी सकाळी साडेसातला जो उत्साह दाखवते ना, गॅदरिंगला, शिक्षण सप्ताहाला, तपासणीला, तो पगारातला असतो. हा तसा नव्हता. हा कोणी मागितला नव्हता.

त्याला काय म्हणायचं ते लोकांनी लगेच ठरवलं. ‘जोगूबाई आली! भैरोबाची जोगूबाई आली!’ म्हणजे भैरोबाची देवी माझ्या अंगात आली. गुलाल पडला. कोणीतरी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं, कोणी पाया पडलं. आणि गर्दीतून काठी टेकत, जयपूर फूट ओढत ठमाकाकू आली.

तीच ठमाकाकू. जिचा पाय कौलानं गेला, ती पुन्हा कौल मागायला. तिनं पदर पसरला आणि म्हणाली, ‘माऊली, माझ्या माधवीला सोयरीक आलीया. पुढल्या म्हैन्यात आठरा पुरी हुत्यात. लगीन लावून टाकू का? तू म्हनशील तसं.’

माधवी म्हणजे तिची नात. दोन वर्षं माझ्याकडे इंदापूरला राहून शिकलेली. नर्सिंगला जायचंय तिला. ती तिथंच होती, देवळाच्या पायरीपाशी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

ढोल थांबला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नुसतं ‘नको’ म्हटलं असतं ना यशा, डोळे फिरवून, जरा घोगऱ्या आवाजात, तर लग्न त्याच क्षणी मोडलं असतं. माझ्या भावकीतल्या एकाची हिंमत झाली नसती हू की चू करायची. शब्द जिभेवर आला होता. चांगल्या कामासाठीच तर होता. आणि तेव्हा मला आबांचा अंगारा आठवला. तोही त्यांनी चांगल्यासाठीच सांगितला होता.

मी केस मागे घेतले. नेहमीच्या, वर्गातल्या आवाजात म्हटलं, ‘काकू, मी स्वरूपा बोलतेय. माझ्या अंगात कुणी आलेलं नाही. मला नाचावंसं वाटलं म्हणून मी नाचले. माधवीच्या लग्नाचं मला विचारू नका, देवालाही विचारू नका. माधवी ती तिथं उभी आहे, तिला विचारा.’

व्हिडिओत हे नाही. पाहिलास ना? नाच आहे, गुलाल आहे आणि बरोब्बर तिथे तो संपतो.

लोक बिथरले. एक जण म्हणाला, ‘देवाची चेष्टा लावलीय का?’ बायका चुळबुळल्या, ‘गेली गं जोगूबाई, निघून गेली.’ ठमाकाकू माझ्याकडे अशी पाहत राहिली, की जणू मी तिचा दुसराही पाय काढून घेतला होता. तेवढ्यात गर्दी फाकली आणि आबा आले. कोणीतरी गोठ्यात जाऊन सांगितलं असणार. त्यांनी माझ्या खांद्यावर उपरणं टाकलं, म्हणाले, ‘पोरीला पानी द्या आदी.’ आणि मला घेऊन घरी आले.

चहा त्यांनीच टाकला. मी विचारलं, ‘आबा, रागावलात?’

‘कशापायी?’

‘देव नाही म्हटलं म्हणून.’

त्यांनी हातातला कप फिरवला. मग म्हणाले, ‘ढोल वाजला की मला बी असंच व्हायचं. तू नाचलीस तसंच. त्यो देव हुता का काय हुतं, मला म्हाईत न्हाय. पर बोलनं माझं हुतं गं. लोक इचारायचे आन कायतरी बोलावं लागायचं. ठमाला बोललो ती बी मीच. देवावर कशाला घालू?’

मी चहाचा घोट घेतला. ते म्हणाले, ‘यशानं मूठ फुडं केली. लोकास्नी वाटलं त्यानं देवाला इचारलं. त्यानं बापाला इचारलं हुतं. आन बापापाशी उत्तर नव्हतं.’

हे मी त्यांच्याच शब्दांत लिहिलंय. माझी एकही वेलांटी त्यात नाही.

बुधवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. व्हिडिओ इंदापुरात पोचला होता आणि एका पालकांनी तक्रार केली होती, की शिक्षिकाच अंधश्रद्धा पसरवतात. पालकांचं काही चुकलं नाही. तेवढाच तुकडा पाहिला तर मीही हेच म्हटलं असतं. सर भले आहेत. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं.

‘मॅडम, दोन ओळींचा खुलासा द्या. अतिउत्साहाच्या भरात माझ्याकडून असा प्रकार घडला, दिलगीर आहे. विषय संपला.’

मी म्हटलं, ‘सर, हे वाक्य मी पेपरात वाचलंय. कार्यकर्त्यांनी दुकानाच्या काचा फोडल्या की दुसऱ्या दिवशी असंच छापून येतं.’

‘म्हणूनच सांगतोय. सगळ्यांना समजतं ते. कोणी पुढे विचारत नाही.’

‘पण माझ्याकडून काही घडलेलं नाही, सर. मी नाचले. आणि भरात नाही, चांगली जागी होते.’

ते हसले आणि कपाळाला हात लावला. मी तिथेच बसून खुलासा लिहिला. यात्रेत ढोलाच्या तालावर मी स्वखुशीने नाचले. अंगात देव आल्याचा दावा केला नाही, उलट लोकांनी कौल मागितला तेव्हा तो देण्यास सर्वांसमोर नकार दिला. नाचल्याबद्दल मी दिलगीर नाही. कोणा पालकांना शंका असल्यास मी भेटायला तयार आहे. एवढंच लिहिलं. सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, ‘शेवटून दुसरं वाक्य काढता येईल का?’ मी नाही म्हटलं.

ते पालक शुक्रवारी येऊन भेटले. मी सगळं सांगितलं, माधवीचंसुद्धा. ऐकून घेतलं त्यांनी. जाताना म्हणाले, ‘मग तेवढं बोललेलं पण टाका की मोबाइलवर.’ मी म्हटलं, कोणी काढलेलं नाही, तुम्हीच सांगा लोकांना. तक्रार मागे घेतली त्यांनी. नोकरीला धक्का नाही, काळजी करू नकोस. फक्त एक गंमत झाली. एक मे रोजी शाळेत ‘वर्षातील उत्साही शिक्षक’ म्हणून माझा सत्कार ठरला होता, तो तेवढा रद्द झाला. सर म्हणाले, यंदा जरा थांबू. तुझ्या दाजींना सांगितलं तर ते ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, ‘बरोबर आहे. उत्साह हवाय, पण प्लास्टिकच्या वेष्टनातला.’ आणि मग, बऱ्याच वेळानं, ‘मला बोलवायचं होतंस, मी हलगी धरली असती.’ तेव्हा मला जरा रडू आलं. तेवढंच.

माधवीचं सांगते. ठमाकाकू गुरुवारी आबांकडे आली होती. ओट्यावर बसून भांड भांड भांडली. ‘तुजी ल्येक देवागत नको म्हनली असती तर माजं काम झालं असतं. आता घरात मलाच बोलावं लागतंय.’ आबा म्हणाले, ‘मग बोल की.’ आणि ती बोलली, बघ. तिनं माधवीला विचारलं. माधवी नाही म्हणाली. माधवीच्या वडिलांनी, म्हणजे काकूच्या मुलानं, आपल्या संदेशदादानं, दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. पण काकूनं सांगितलं, बारावीचा निकाल लागू दे, पोर नर्स झाली तर माझ्या पायाचं ड्रेसिंग तरी घरात होईल. पाहुण्यांना तसं कळवलंय. पुढे काय होईल माहीत नाही. संदेशदादा माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

आता एक राहिलं. ते मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते लिहायला घेतलं की मला बाकी काही सुचलं नसतं.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, पालखी वस्तीतून फिरून देवळात परत जाते. आपल्या घरावरून जाते. दर वर्षी आबा त्या वेळी दार लावून घेतात. यंदा मी अंगणात उभी होते, आणि आबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बाहेर आले. मला वाटलं पाया पडतील आणि आत जातील. पालखी आली. सोनबानं आबांना पाहिलं. त्यानं ठेका बदलला, आणि आबा सरळ पालखीपुढे जाऊन नाचायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही. आपल्या अंगणापासून चिंचेपर्यंत नाचत गेले. नीट, मोजून, जुन्या पद्धतीनं, हात वर आणि एक पाऊल मागं. डोळे उघडे. मध्येच माझ्याकडे बघून हसले.

चिंचेपाशी कोणीतरी वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेलं, सवयीनं विचारायला, ‘देवा, औंदा पाऊसपानी?’ आबांनी त्याला दंडाला धरून उठवलं. धापा टाकत म्हणाले, ‘देव न्हाय बाबा. मी हाय. जोतीराम.’

मी आबांना असं हसताना तू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

आता माझं. मी तुझ्यावर रागावलेली आहे. मूठ पुढे केलीस म्हणून नाही. त्यानंतर इतकी वर्षं माझ्या राख्या पोचल्याचं साधं कळवलं नाहीस म्हणून. तुला आबांचा राग होता, मी कुठे होते त्यात? हे कधी लिहिलं नाही, कारण मला वाटायचं, हे लिहिलं तर आपल्यात उरलंय तेही जाईल. आता तसं वाटत नाही. जे आहे ते बोलून काही जात नाही, हे मी गेल्या आठवड्यात पाहिलं.

आबांना म्हटलं, यशाला पत्र लिहितेय, काही सांगायचंय? ते म्हणाले, ‘त्याला म्हनावं, सुट्टी मिळंल तवा ये. जत्रंलाच यायला पायजे असं न्हाय. कवा बी ये, आन काय इचारायचं ती घरात बसून इचार. येत आसंल तेवढं सांगीन.’

मे अखेरपर्यंत मीही वस्तीवर असेन. बारामतीला उतरलास की फोन कर, तुझे दाजी गाडी घेऊन येतील.

रागावलेली, आणि दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी ताई
स्वरूपा